हात धुवून या

आमच्या शाळेत पुस्तकांचं प्रदर्शन लागलं की हॉलच्या दाराशी शिपाईमामा खुर्ची टाकून बसायचे आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला तळहात दाखवायला लावायचे. आधी तळवे, मग हात उलटे करून नखं. पेरूचा चिकटपणा, शाई, मधल्या सुट्टीतल्या भेळेचं तेल, काहीही दिसलं तरी त्यांचं वाक्य एकच : ‘हात धुवून या.’ नळ मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. तिथं जाऊन, चड्डीला हात पुसत धावत परत येईपर्यंत आपल्या वर्गाच्या पंधरा मिनिटांतली पाच संपलेली असायची. माझ्या वर्गात एक मुलगा होता, त्याच्या घरी रेशीम रंगवायचं काम चालायचं. त्याची बोटं बाराही महिने राणी रंगाची. पहिल्या वर्षी मामांनी त्याला तीनदा नळावर पिटाळलं. तिसऱ्यांदा तो परतला तेव्हा त्यांनी त्याचं बोट धरून स्वतःच्या पांढऱ्या टोपीवर घासून पाहिलं. टोपी पांढरीच राहिली. मग त्याला आत सोडलं. पुढच्या वर्षापासून त्याला कोणी अडवलं नाही.

येवल्यातल्या आणि तालुक्यातल्या गावांतल्या लोकांनी या संग्रहासाठी आपापल्या शाळेतल्या पुस्तक प्रदर्शनाच्या आठवणी लिहून दिल्या. त्या वाचायला घेतल्या आणि मला सगळ्यात आधी ती टोपी आठवली. संपादकानं प्रस्तावनेत विषयाची ओळख करून द्यावी असा रिवाज आहे. विषय तसा एवढासा. वर्षातून एकदा, फार तर तीन दिवस, शाळेच्या हॉलमध्ये काही बाकं जोडून त्यावर पुस्तकं मांडली जायची, मुलं ती बघायची आणि चौथ्या दिवशी तिथं पुन्हा कवायत सुरू व्हायची. यावर कोणी पुस्तक काढेल असं मला वाटलं नव्हतं. पण लिहून आलेल्या कागदांची थप्पी वाढत गेली आणि एक गोष्ट लक्षात आली. कुणीही ‘मी अमुक पुस्तक विकत घेतलं’ इथून सुरुवात केलेली नाही. जवळपास सगळ्यांनी सुरुवात केली आहे ती न घेतलेल्या पुस्तकापासून.

प्रदर्शनाची चाहूल आधी कानाला लागायची. नाशिकहून निफाड, विंचूर करत आलेला टेम्पो शाळेच्या फाटकातून उलटा आत घ्यायचे, तेव्हा क्लीनर टेम्पोच्या पत्र्यावर थाप मारत ‘येऊ द्या, येऊ द्या’ ओरडायचा. तो आवाज वर्गात आला की गणिताच्या सरांनाही कळायचं की आता फळ्याकडे कोणी बघणार नाही. सुतळीनं बांधलेले गठ्ठे, काही पत्र्याच्या पेट्या. दहावीची दांडगी मुलं ते उतरवून घ्यायची आणि दोन दिवस त्याचा रुबाब मिरवायची. बाकांवर आधी सतरंजी, तिच्यावर गॅदरिंगच्या पडद्यातली पांढरी चादर. पुढच्या रांगेत पातळ, रंगीत पुस्तकं, मागे जाड, आणि सगळ्यात मागे भिंतीला टेकवून कोश, चरित्रं, शिवचरित्राचे ग्रंथ, म्हणजे सरांनी बघायची पुस्तकं. एका कोपऱ्यात टेबल, त्यावर पावतीपुस्तक, गल्ल्याचा डबा आणि गोंदाची बाटली. विक्रेत्याच्या हाताशी सायक्लोस्टाइल केलेली यादी असायची आणि शंभर रुपयांच्या वर खरेदी केली तर दहा टक्के सूट असं लिहिलेला पुठ्ठा. शंभर रुपयांची पुस्तकं घेणारा विद्यार्थी मी कधी पाहिला नाही. तो पुठ्ठा ग्रंथपाल बाईंसाठी होता.

मग तुकडीवार रांगा. पाचवी अ, पंधरा मिनिटं. पाचवी ब, पंधरा मिनिटं. या पंधरा मिनिटांत काय करायचं याचा प्रत्येकाचा बेत ठरलेला असे. काही जण सगळं प्रदर्शन पळत बघून घ्यायचे, जत्रेतल्या पाळण्यासारखं. काही जण किमती वाचत फिरायचे आणि ‘बापरे, बावीस रुपये!’ असं मोठ्यानं म्हणायचे. माझ्यासारखे काही लबाड पहिल्याच मिनिटाला एक पुस्तक पकडायचे आणि खांबाच्या आडोशाला उभे राहून वाचायला लागायचे. विक्रेत्याचा स्वभाव कसा यावर पुढचं अवलंबून. एका वर्षी आलेले गृहस्थ फार कडक होते. पान उलटलं की ‘घेणार आहेस का?’ असं विचारायचे. दुसऱ्या वर्षी आलेले म्हातारे काका मात्र चष्मा कपाळावर चढवून स्वतःच काहीतरी वाचत बसलेले असायचे. त्यांच्यासमोरून पुस्तक चोरलं असतं तरी त्यांना कळलं नसतं. तरी त्यांचं एकही पुस्तक गेलं नाही, हे मी खात्रीनं सांगतो, कारण आम्ही मुलंच त्यावर नजर ठेवून होतो.

उभ्यानं वाचायची एक रीत असते. पुस्तक पूर्ण उघडायचं नाही, नाहीतर पाठीवर घडी पडते आणि बोलणी बसतात. अंगठ्यानं पान अर्धंच वाकवायचं आणि डोकं तिरकं करून आत बघायचं. मानेला रग लागायची. आजही दुकानात पुस्तक चाळताना माझी मान आपोआप डावीकडे कलते. बायको म्हणते, ‘तुम्ही पुस्तक बघताय की विहिरीत डोकावताय?’

आता पैशांचं. येवल्यातल्या मुलाची वर्षभराची बचत कशासाठी असते हे बाहेरच्यांना सांगावं लागेल. संक्रांतीसाठी. भोगी, संक्रांत आणि कर, हे तीन दिवस आमचं सगळं गाव धाब्यावर असतं. खाली रस्त्यात चिटपाखरू नाही आणि वर हलकडीचा ताल, ‘काटली रे’चा ओरडा आणि आभाळभर पतंग. येवल्याची आसारी प्रसिद्ध आहे. मांजा गुंडाळायचं हे लाकडी चक्र आमच्याकडे घराघरात असतं. आजोबांची आसारी नातवाकडे येते आणि तिच्यावरून भावाभावांत भांडणं होतात. दिवाळीत मिळालेली ओवाळणी, मामानं हातावर ठेवलेले दोन रुपये, मागाच्या कांड्या भरून मिळालेले चार-आठ आणे, सगळं या तीन दिवसांसाठी राखलेलं. आणि शाळेतलं प्रदर्शन नेमकं डिसेंबरच्या शेवटी, गॅदरिंगच्या आसपास लागायचं. हे ज्यानं ठरवलं त्याला येवला कळलं नव्हतं, किंवा फार चांगलं कळलं होतं. एका खिशात दोन ओढी. या संग्रहातल्या निम्म्या आठवणींत हा झगडा आहे. एक बाई लिहितात की त्यांनी आणि त्यांच्या भावानं निम्मे निम्मे पैसे घालून पुस्तक घेतलं आणि संक्रांतीला दुसऱ्यांचे कटून आलेले पतंग धरत दिवस काढला. पुस्तक दोघांचं, म्हणून त्यांनी पहिल्या पानावर दोन नावं लिहिली, आणि भावाचं नाव वर का, यावर त्यांचा अजून वाद आहे.

माझी स्वतःची आठवण मी वेगळी लिहिणार नव्हतो. पण तिच्याशिवाय मला या विषयाबद्दल काय म्हणायचं आहे ते सांगता येत नाही, म्हणून इथंच लिहितो.

आमच्या घरी तीन माग होते. एक वडिलांचा, दोन बाहेरच्या कारागिरांचे. वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. जमिनीत खड्डी, खड्डीत पाय सोडून बसलेला माणूस, डोक्यावर लोंबणारा एक दिवा. मी शाळेतून आलो की कोपऱ्यात बसून कांड्या भरायचो आणि कांड्या भरून झाल्या की वाचायचो. मोठ्यानं. हे कधी सुरू झालं ते सांगता येणार नाही. बहुतेक वर्तमानपत्रापासून. मागावरच्या माणसाचे हात, पाय आणि डोळे कामात असतात, कान मात्र मोकळे. रेडिओ होता, पण तो कारागिरांपैकी नानांचा आणि त्याचे सेल कायम संपलेले.

वाचायचाही एक नियम होता. पैठणीचं अंग विणलं जात असेल तेव्हा वाचायचं. दोरी ओढली की धोटा इकडून तिकडे पळतो, खटक खटक असा ठेका धरला जातो, माणूस ऐकू शकतो. पदर लागला की मी गप्प. पदरात मोर असतात, मुनिया असते, आसावलीची वेल असते, आणि ती सगळी नक्षी तार मोजून हातानं भरायची असते. लहान लहान कांड्या इकडून घाला, तिकडून काढा. एक तार चुकली तर मोराची मान वाकडी. तेव्हा घरात कोणी शिंकलं तरी आप्पांच्या कपाळावर आठी यायची. त्यामुळे आमच्या घरात गोष्टींनाही हंगाम होता. एका पैठणीचं अंग संपून पदर सुरू झाला की गोष्ट जिथं असेल तिथं थांबायची आणि पदर उतरेपर्यंत, म्हणजे कधी आठ-दहा दिवस, कधी जास्त, सगळ्यांना कळ काढावी लागायची. ‘श्यामची आई’ आम्ही अशीच तुकड्यातुकड्यानं वाचली. साने गुरुजींनी ती आमच्याच जिल्ह्यात, नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारी 1933 मध्ये पाच दिवसांत लिहून काढली. आम्हाला तिच्या बेचाळीस रात्री पुरवून पुरवून तीन पैठण्या लागल्या.

मी सातवीत असताना, ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा, प्रदर्शनात मला एक निळ्या मुखपृष्ठाचं पुस्तक सापडलं. समुद्रातल्या दीपगृहाची गोष्ट होती. दिवा सांभाळणारा म्हातारा आजारी पडतो, त्याची नात एकटी असते, वादळ येतं, दिवा विझतो आणि लांबवर एका बोटीचा भोंगा ऐकू येतो. खांबाच्या आडोशाला उभं राहून पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं वाचलं. दुसऱ्या दिवशी मधली सुट्टी घालवून, मामांना दोनदा हात दाखवून, आणखी वाचलं. दोन्ही दिवस घरी येऊन मी जेवढं वाचलं तेवढं मागावर सांगितलं. सांगताना थोडं वाढवलंही असेल. समुद्र आमच्यापैकी कोणीच पाहिला नव्हता, त्यामुळे वादळ मी मला हवं तेवढं मोठं करू शकत होतो.

दुसऱ्या दिवशी भोंग्यापाशी येऊन मी थांबलो. तीनपैकी दोन धोटे थांबले.

‘मग? पुढं?’ नाना म्हणाले.

‘पुढं वाचलंच नाही. घंटा झाली.’

‘अरे, पण पोरगी एकटी आहे ना तिथं!’

‘उद्या शेवटचा दिवस आहे. उद्या आमच्या तुकडीचा नंबरच नाही.’

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग तिसऱ्या मागावरच्या सलीमचाचांनी धोटा ठेवला, सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि एक रुपया काढून माझ्या पुढ्यात ठेवला. ‘किताब किती रुपयांची रे?’ मी सांगितलं, सहा. नानांनी दीड रुपया दिला. तो सेलसाठी ठेवलेला होता, हे त्यांनी मोठ्यानं सांगितलं. आप्पांनी काही न बोलता दोन दिले. राहिला दीड. तो माझ्या मांज्याच्या पैशांतून काढला. आप्पा माझ्याकडे बघत होते, म्हणून काढावाच लागला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी हात धुवून हॉलमध्ये गेलो. निळं पुस्तक जागेवर नव्हतं. म्हातारे काका चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, ‘गेलं की सकाळीच. एकच प्रत होती.’ माझा चेहरा बघून त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी मागच्या पेटीतून एक पुस्तक काढलं. चांगलं बांधलेलं, मोठी चित्रं, आणि किंमत माझ्या हातातल्या पैशांपेक्षा कमी. ‘हे ने. रशियातलं आहे. हसशील.’ ते ‘देनिसच्या गोष्टी’ होतं.

ज्यांनी त्या काळात वाचायला सुरुवात केली त्यांना या रशियन पुस्तकांबद्दल वेगळं सांगायला नको. मॉस्कोत छापलेली ही मराठी पुस्तकं लोकवाङ्मय गृहामार्फत महाराष्ट्रात यायची आणि अगदी स्वस्त असायची. अनिल हवालदार यांच्यासारख्या अनुवादकांनी त्यातली कितीतरी मराठीत आणली. 1991 साली सोव्हिएत संघच उरला नाही आणि पुस्तकंही यायची थांबली. या संग्रहात चार जणांनी त्या पुस्तकांच्या कागदाच्या वासाबद्दल लिहिलं आहे. वासाबद्दल चौघांचंही एकमत नाही.

घरी पोचलो तेव्हा तिघंही वाट बघत होते. दीपगृह मिळालं नाही हे सांगताना मला रडू आलं. नाना चिडले, माझ्यावर नाही, ज्यानं सकाळीच पुस्तक नेलं त्याच्यावर. मग आप्पा म्हणाले, ‘जे आणलंय ते वाच.’ मी पहिली गोष्ट वाचली. मॉस्कोतला एक लहान मुलगा संध्याकाळी अंगणात आईची वाट बघत बसलेला असतो. त्याच्याकडे नवीकोरी खेळण्यातली मालमोटार असते. मित्र येतो, त्याच्या काडेपेटीत एक काजवा असतो. हा मुलगा मोटार देऊन टाकतो आणि काजवा घेतो. आई येऊन विचारते, एवढी महागाची वस्तू या किड्यासाठी दिलीस? मुलाचं म्हणणं असं की काजवा जिवंत आहे आणि उजेड देतो.

‘येडं पोरगं,’ नाना म्हणाले. ‘सकाळपर्यंत मरून जाईल तो काजवा.’

‘आणि मोटार काय, दोन दिवसांत चाक निघेल,’ सलीमचाचा म्हणाले.

यावर त्या दोघांचं जे जुंपलं ते दिवेलागणीपर्यंत चाललं. एक वस्तूच्या बाजूनं, एक काजव्याच्या. आप्पा मध्ये पडले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी मी शाळेत निघालो तेव्हा म्हणाले, ‘दीड रुपयाचा मांजा कमी आला तर चालेल ना तुला?’ मी हो म्हणालो. ते खोटं होतं. त्या संक्रांतीला मांजा खरोखरच कमी पडला आणि तिसऱ्या दिवशी, करीला, मी दुपारपासूनच नुसता बघत बसलो होतो.

म्हणून मला वाटतं, वाचनाची गोडी पुस्तकं मालकीची असल्यानं लागते, असं जे आपण धरून चालतो ते अर्धवट आहे. आमच्यापैकी फार थोड्यांच्या घरी स्वतःची दहा पुस्तकं होती. गोडी लागली ती अर्ध्यावर तुटलेल्या पानामुळे, आणि ते पान ज्यांना सांगायचं अशी माणसं घरी होती म्हणून. या संग्रहातल्या बहुतेक आठवणींत एक ऐकणारा आहेच. कुठं शेतात कांदे निवडणाऱ्या बायका, कुठं आंधळी आजी, कुठं मनमाडच्या गाडीची वाट बघत फलाटावर बसलेले वडील.

पुस्तकं कोणती असायची? थोडक्यात सांगतो, कारण तपशील पुढं जागोजागी आहेच. ‘चांदोबा’ आणि ‘किशोर’चे जुने अंक एकत्र बांधून विकायला असायचे. ‘चांदोबा’ मराठीत 1952 पासूनचा, म्हणजे वडिलांच्याही लहानपणचा. ‘किशोर’ बालभारतीनं 14 नोव्हेंबर 1971 ला सुरू केलेलं. त्यातली चित्रं आम्हाला पाठ्यपुस्तकातल्या चित्रांची नात्यातली वाटायची, आणि तशी ती होतीही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पहिल्याच दिवशी संपायचा. फुरसुंगीचा तो काटकुळा मुलगा पुण्याच्या शाळेत जातो, हे आम्हाला आपलंसं वाटायचं. ताम्हनकरांचा ‘गोट्या’. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयातली पातळ, चौकोनी पुस्तकं. आणि चरित्रं, ढीगभर चरित्रं. त्यात तात्या टोपे असतील तर आमची झुंबड उडायची, कारण 1857 चा हा सेनानी 1814 साली येवल्यात जन्मला. इतिहासाची आवड हे त्याचं कारण नव्हे. पहिल्या दुसऱ्या पानावरच ‘येवला’ हा शब्द छापलेला असायचा. नाशिकच्या वर्तमानपत्रात तो बाजारभावात यायचा, पुस्तकात येणं वेगळं. आम्ही त्या शब्दावर बोट ठेवून एकमेकांना दाखवायचो. प्रदर्शन संपेपर्यंत त्या ओळीखाली बोटांचा एक मळकट पट्टा तयार झालेला असायचा. मामांची तपासणी असूनही.

गावाचं नाव पुस्तकात येण्याचं दुसरं, याहून मोठं कारण आम्हाला शाळेत नीट सांगितलं गेलं नव्हतं. ते मला शाळेबाहेरच्या पुस्तकांच्या दुकानांनी सांगितलं. 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्यातल्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जाहीर केलं की ते हिंदू म्हणून जन्मले असले तरी हिंदू म्हणून मरणार नाहीत. ती जागा आज मुक्तिभूमी म्हणून ओळखली जाते आणि दर 13 ऑक्टोबरला तिथं लोक लांबून येतात. येतात आणि पुस्तकं घेतात. जमिनीवर ताडपत्री पसरून, हातगाडीवर, टेम्पोच्या मागच्या फळीवर मांडलेली पुस्तकं. डोक्यावर गाठोडं घेतलेली बाई उकिडवी बसून नातीला विचारते, ‘यात काय लिवलंय गं?’ आणि नात वाचून दाखवते. विकत घेण्याआधी ऐकून घेते. इथं कोणी हात तपासत नाही आणि ‘घेणार का?’ असं दरडावून विचारतही नाही.

या संग्रहात एका निवृत्त शिक्षकांचा लेख आहे. त्यांच्या मते त्यांची खरी शाळा त्या ताडपत्रीवर भरली. त्यांनी त्यात बाबासाहेबांच्या लहानपणची एक गोष्ट सांगितली आहे. वडील रामजी सकपाळ मुलाला हवं असलेलं पुस्तक आणण्यासाठी विवाहित मुलींकडे जायचे, त्यांच्याकडून दागिना मागून घ्यायचे, तो गहाण ठेवून पुस्तक आणायचे आणि पेन्शन आली की सोडवून परत करायचे. शाळेतल्या यशाबद्दल भीमरावांचा सत्कार झाला तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी त्यांना आपलं बुद्धचरित्र भेट दिलं. ते 1898 साली प्रसिद्ध झालेलं होतं. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी 1956 साली जी प्रस्तावना लिहिली, तिच्यात या भेटीची नोंद आहे. 1957 मध्ये, त्यांच्या निधनानंतर ग्रंथ निघाला तेव्हा पहिल्या आवृत्तीत ती प्रस्तावना छापलीच गेली नाही. प्रस्तावना कोणी वाचत नाही अशी तक्रार करणाऱ्या माझ्यासारख्यांनी हे लक्षात ठेवावं. शाळकरी पोराच्या हातात पडलेल्या एका पुस्तकापासून येवल्याच्या त्या ऑक्टोबरपर्यंत, आणि तिथून 14 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरपर्यंत, रस्ता जातो. सरळ जातो असं मी म्हणणार नाही. पण जातो.

2015 पासून राज्यात 15 ऑक्टोबर, अब्दुल कलामांचा जन्मदिवस, वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतात. त्यामुळे येवल्यात आता दोन दिवसांच्या अंतरानं दोन पुस्तकदिवस येतात. एक सरकारी परिपत्रकाचा, एक लोकांचा. परिपत्रकाच्या दिवशी शाळांत मुलांना ओळीनं बसवून तासभर वाचायला लावतात आणि फोटो काढून पाठवतात. मी त्याची थट्टा करत नाही, त्या तासात एखाद्या मुलाचा काजवा सापडतही असेल. पण शक्य असेल तर शिक्षकांनी मुलांना दोन दिवस आधी मुक्तिभूमीवरही न्यावं.

आताची प्रदर्शनं मी जाऊन पाहिली. एका ठिकाणी, नाव घेत नाही, सगळी पुस्तकं पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये सीलबंद होती. मुलं पाठीमागचा मजकूर वाचत होती आणि पुस्तक हलवून बघत होती, नारळ बघावा तसं. मी म्हटलं, एक तरी प्रत उघडी ठेवा. उत्तर मिळालं, मळतात. मळतात हे खरंच आहे. त्यावर उपाय आमच्या मामांकडे होता, हात धुवून या. सीलबंद पुस्तकांच्या टेबलाला प्रदर्शन म्हणायला माझी जीभ रेटत नाही, ते दुकान आहे, आणि दुकानातसुद्धा चांगला दुकानदार चाळू देतो. उलट बाजूनं पाहायचं तर नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना आहे. विनायक रानडे यांनी 2009 साली ती सुरू केली. पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे येते, राहते आणि ठरलेल्या मुदतीनंतर दुसऱ्या गटाची पेटी येते. विकायचं नाही, त्यामुळे मळण्याची धास्ती नाही. अशी पेटी उघडताना मी एकदा बघितली आहे. झाकण वर गेलं तेव्हा भोवतीच्या चांगल्या साठीच्या बायाबापड्यांनी जी मान वाकवली, ती डावीकडेच कलली होती.

या संग्रहातल्या लेखांना मी कात्री फार कमी लावली आहे. काही ठिकाणी एकाच प्रदर्शनाची दोन वर्णनं जुळत नाहीत. एकाला हॉलमध्ये चादर पांढरी आठवते, दुसऱ्याला निळी. ते तसंच ठेवलं आहे. बोली जशी आली तशी ठेवली. येवल्याच्या गावठाणातली, अंदरसूल-नगरसूलकडची, विणकर घरांतली मराठी-हिंदी मिसळलेली, सगळ्या शेजारी शेजारी बसल्या आहेत. लेखांची क्रमवारी वयानं लावलेली नाही. जसे कागद हाती आले तशी आहे. ज्या मुलाची बोटं राणी रंगाची होती त्याचा लेख शेवटून तिसरा आहे. त्याला टोपीची गोष्ट आठवत नाही. त्याला आठवतं ते एवढंच की एका वर्षी त्यानं एक पुस्तक एकाच घरी जाऊ नये म्हणून मुद्दाम शास्त्राच्या पुस्तकामागे लपवलं होतं आणि तरी ते गेलं.

कोणतं पुस्तक, हे मी त्याला विचारलं. तो म्हणाला, निळं होतं, एवढंच आठवतं.

ते दीपगृहाचंच असेल असं मला वाटत नाही, निळी पुस्तकं पुष्कळ असतात. पण आप्पांना सांगितलं. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत, माग उतरवून बरीच वर्षं झाली. नाना गेले. सलीमचाचा मुलाकडे मालेगावला असतात. त्या तिघांनी त्या गोष्टीचे तीन शेवट केले होते. नानांच्या शेवटात बोट खडकावर आदळून फुटते. सलीमचाचांच्या शेवटात पोरगी आपली ओढणी पेटवून दाखवते. आप्पांचा शेवट असा की म्हातारा आजारी असला तरी उठतो, कारण दिवा त्याचा असतो, पोरीचा नसतो. पुस्तकाचं नाव तेव्हा मला पाठ होतं, आज आठवत नाही. हा मजकूर वाचणाऱ्यांपैकी कुणी ते वाचलं असेल, विशेषतः त्या शेवटच्या दिवशी सकाळीच ज्यानं ते नेलं त्यानं, कृपा करून प्रकाशकांच्या पत्त्यावर दोन ओळी टाकाव्यात. आप्पांनी परवा पुन्हा विचारलं.